हिमांतील नालबंदी

मराठ्यांच्या घोडदळाचा इतिहास सांगतांना तलवार व भाला यांचें वर्णन भरपूर होतें. घोड्याच्या खुराकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. शिवछत्रपतींच्या पागेंत दर 25 घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असे, असें सभासदानें लिहून ठेविलें आहे. शिलेदारास तयारीकरितां जी आगाऊ रक्कम मिळे, तिलाही 'नालबंदी' हेंच नांव होतें.

दख्खनच्या नालबंदाला बर्फाशीं झुंजण्याचा प्रसंग क्वचितच येई. नाहूर-भांडुपच्या खाडीकांठीं पावसाळ्यांत खुरांत भरेल तो चिखल. तो आंकडीनें उकरला, कीं काम भागलें. बर्फाची जात निराळी. खुराचा तळवा खोलगट असतो. त्यांत ओलें बर्फ दाबलें जातें, पायाच्या उबेनें त्याचा वरचा थर वितळतो आणि थंड लोखंडाला लागून पुन्हा गोठतो. पावलागणिक थर चढत जाऊन घट्ट गोळा बनतो व जनावर जणूं खडावा घालून चालूं लागतें. मग घोटा मुरगळणें, कोसळणें ओघानेंच आलें. नवल हें, कीं नाल नसलेल्या खुरांत गोळा तितका टिकत नाहीं. भार पडतांच खूर किंचित् फांकतो व बर्फ सुटून पडतें. सह्याद्रीच्या खडकांत जो नाल तारक, तोच हिमांत मारक!

नेपोलियननें 1812 सालीं मॉस्कोहून माघार घेतली, तेव्हां त्याच्या बहुतेक घोड्यांना बर्फाचे नाल नव्हते. गुळगुळीत चढावर घोडे पडले, तोफा टाकाव्या लागल्या. बादशहाच्या खासगी घोड्यांना मात्र कॉलँकूर या अश्वाधिकाऱ्यानें आधींच कांटेरी नाल ठोकविले होते. ती दूरदृष्टि खासगी पागेपुरतीच राहिली.

पुण्याचें नांव या हिमांत पोंचलें तें 'पूना हॉर्स'मुळें. दुसरा बाजीराव व कंपनी यांच्यामधील 1817 च्या तहान्वयें उभें राहिलेलें हें पथक 1914 सालीं फ्रान्समध्यें उतरलें. तोंवर स्वार बहुतांशीं राजपुतान्याचे व पंजाबचे. पुण्याचें उरलें होतें तें नांवच. तेथील 1916-17 चा हिंवाळा अतिशय कडक गेला. ब्रिटिश लष्कराच्या रिवाजाप्रमाणें नालांना मळसूत्री भोकें पाडून ठेवीत व रस्ता गोठला, कीं त्यांत पोलादी कांटे पिळून बसवीत. कांट्यांनीं घसरणें थांबे, गोळा थांबत नसे; त्याला उपाय जुनाच, तळव्यास चरबी चोपडणें आणि वाटेंत उतरून खूर उकरणें. 1918 सालीं पथक पॅलेस्टाईनकडे गेलें, आणि नालबंदापुढें पुन्हा दगडधोंडे आले.