दुसऱ्यांदा चालवून बघा!

मंडळी, अॅन्सिबलवर काम करणारे आपल्यात बरेच जण आहेत. तयार मॉड्यूल पुरेनासं झालं की आपण स्वतःचं लिहितो, एकदा चाललं की कमिट करतो आणि चहाला जातो. पण 'चाललं' म्हणजे नक्की काय? या प्रश्नाला चांगला तीसेक वर्षांचा इतिहास आहे. आज त्याबद्दल.

१९९३ साली मार्क बर्जेस नावाचा एक फिजिक्सवाला ओस्लो विद्यापीठात होता. तिथली युनिक्स मशीन्स शेल स्क्रिप्टवर सांभाळली जायची, आणि प्रत्येक युनिक्सची तऱ्हा वेगळी. त्यातून त्याने सीएफइंजिन लिहिलं. कल्पना साधीच होती. मशीनला 'हे कर' म्हणायचं नाही, 'असं असलं पाहिजे' एवढंच सांगायचं. तसं नसेल तर टूल करून घेईल, असेल तर हात लावणार नाही.

आम्हा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या लोकांना हे समजायला पुस्तक लागत नाही. महानच्या धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे टाकीकडे अख्ख्या घराचं लक्ष. 'दहा बादल्या ओत' ही झाली स्क्रिप्ट. दोघांनी ऐकलं तर पाणी गल्लीत! 'टाकी भरलेली असू दे' हे दोघांनी ऐकलं तरी बिघडत नाही. दुसरा झाकण उघडून बघतो आणि परत येतो.

या गुणाला आयडेम्पोटंट म्हणतात. शब्द कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे. बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने तो १८७० साली बीजगणितासाठी घडवला.

पुढे २००५ मध्ये पपेट आलं, २००९ मध्ये शेफ. आणि २०१२ मध्ये मायकेल डीहानने अॅन्सिबल आणलं. नाव अर्सुला ले ग्विनच्या १९६६ च्या कादंबरीतल्या यंत्राचं, जे कितीही दूर क्षणात निरोप पोचवतं. समोरच्या मशीनवर एजंट नको, एसएसएच पुरे. आणि मॉड्यूल कुठल्याही भाषेत लिहा, फक्त शेवटी उत्तर जेसनमध्ये द्या. हा दरवाजा असा सताड उघडा ठेवल्यामुळेच मॉड्यूल्स हजारोंनी वाढली. इतकी, की २०२० मध्ये २.१० आवृत्तीपासून बहुतेक मॉड्यूल्स मूळ प्रकल्पातून काढून वेगळ्या कलेक्शन्समध्ये हलवावी लागली.

पण यात एक गोम आहे. बर्जेसचं ते तत्त्व अॅन्सिबल तुमच्यासाठी पाळत नाही. ते पाळायचं मॉड्यूल लिहिणाऱ्याने. 'चेंज्ड' खरं की खोटं, हे मॉड्यूल सांगेल तेच अॅन्सिबल मानतं. बदल नसताना 'बदललं' म्हटलं, तर हँडलर दर वेळी सर्व्हिस रीस्टार्ट करणार, म्हणजे भर दुपारी ग्राहकाचं काम बंद. बदल असून गप्प राहिलं, तर नवीन कॉन्फिग फाइलमध्ये पडून आणि सर्व्हिस जुन्यावरच चालू! हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं.

म्हणून टेस्टिंगचा क्रम माझ्या मते असा. कोऱ्या मशीनवर चालवा: 'चेंज्ड' यायला हवं. लगेच पुन्हा चालवा: आता यायला नको. मग हाताने काहीतरी मुद्दाम बिघडवा आणि तिसऱ्यांदा चालवा: फक्त तेवढंच दुरुस्त व्हायला हवं. शेवटी चेक मोड: काय बदलेल ते सांगितलं पाहिजे, पण बदललं काहीच नाही पाहिजे. चेक मोड जमतो असं मॉड्यूलमध्ये लिहिलंच नसेल, तर अॅन्सिबल ते त्या वेळी सरळ वगळतं. मॉलिक्यूल या टेस्टिंगच्या टूलमध्ये तर 'दुसऱ्यांदा चालवा' ही वेगळी पायरीच आहे.

युनिट टेस्ट लिहूच नका असं म्हणत नाहीये हं. पण नकली ऑब्जेक्टवर शंभर टेस्ट पास झाल्या, तरी खऱ्या मशीनवरच्या दुसऱ्या रनची सर त्यांना नाही. पहिल्या रनमध्ये कोड चालतो एवढंच कळतं, तो खरं बोलतो का ते दुसऱ्यात.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की टीमचं एखादं जुनं मॉड्यूल काढा आणि लागोपाठ दोनदा चालवून बघा. काय निघालं ते कळवा.