उजळणी : परवच्यापासून कुलपाच्या खेळापर्यंत

'उजळणी' हा मराठींतील मोठा बोलका शब्द आहे. तांब्यापितळेचें भांडें न वापरतां ठेवलें म्हणजे काळवंडतें. तें घांसूनपुसून पुन्हां उजळावें लागतें. विद्येचेंही तसेंच आहे. पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरविलीं जात, आणि दिवेलागणीला घरोघरीं परवचा म्हटला जाई. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हीं अपूर्णांकांचीं कोष्टकें मुलें एका सुरांत म्हणत. एखादा मध्येंच अडखळला तर शेजारच्याच्या आवाजाबरोबर तोही पुढें जाई. ही उजळणी एकट्याची नव्हती, सोबतीची होती. मात्र तिच्यामागें पंतोजींची छडी उभी असे, हेंही विसरून चालणार नाहीं.

छडीवांचूनही बुद्धीला चालना देतां येते, याचें उदाहरण फार जुनें आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' इ. स. ११५० च्या सुमाराची. अपूर्णांक, त्रैराशिक, काटकोन त्रिकोण हे रुक्ष विषय. परंतु आचार्यांनीं ते फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या, आणि बिळाकडे धांवणाऱ्या सापावर झडप घालणाऱ्या मोराच्या कोड्यांत गुंफले. थव्याचा पांचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंच्या वजाबाकीची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा तेवढा हवेंत घिरट्या घालीत उरलेला. तर सारे भुंगे किती? उत्तर येतें १५. तें हुडकतांना अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पक्की होते, आणि ती झाल्याचें ध्यानींही येत नाहीं. आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला. त्याची नोंद असलेला इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे.

परंतु मराठवाड्यांत परीक्षा हा विषय केवळ बुद्धीच्या करमणुकीचा कधींच नव्हता. नांदेड व लातूर हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. १९१८ सालीं सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें, आणि माध्यमिक शिक्षणावरही उर्दूचाच पगडा होता. ज्या मुलाच्या घरीं मराठीखेरीज दुसरी भाषा नव्हती, त्याला विषयाआधीं भाषेशीं झुंजावें लागे. म्हणूनच १९२१ सालीं हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ यांनीं तेथें अध्यापन केलें. संस्थान मुक्त झाल्यानंतर १९५० सालीं स्वामीजींच्याच प्रेरणेनें नांदेडला पीपल्स कॉलेज उभें राहिलें. भाषेचा अडसर निघाला. दारिद्र्याचा मात्र राहिला.

पावसाच्या भरवशावर शेती असलेल्या या भागांत, कुळव धरणाऱ्या बापाला मुलाच्या गुणपत्रिकेंत घराचें भवितव्य दिसूं लागलें. ही आस लातूरनें ओळखली. १९७० सालीं स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयानें आणि तेथीलच दयानंद महाविद्यालयानें परीक्षेची शिस्तबद्ध तयारी करून घेण्याची जी पद्धत रूढ केली, ती 'लातूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर गाजली. तींत जादू नव्हती : अभ्यासक्रम वेळेवर पुरा करावयाचा, मग सराव परीक्षा, चुकांची तपासणी, आणि पुन्हां सराव. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, त्याच शहरीं दूरदूरचीं मुलें खोल्या घेऊन शिकावयास येत राहिलीं. या पद्धतीनें अनेकांना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाचा मार्ग खुला केला. परंतु महिनोन् महिने सराव पेपरांच्या रांगेंत बसणारा जीव थकतो, धास्तावतो, आणि येत असलेलेंही ऐन वेळीं विसरतो.

येथेंच एका नव्या खेळाचा विचार करण्यासारखा आहे. जपानांतील क्योतो शहरीं २००७ सालीं ताकाओ कातो यांनीं तो प्रथम भरविला : चारचौघांनीं एका जागीं जमावयाचें, तेथें लपविलेलीं कोडीं मिळून सोडवावयाचीं, आणि ठराविक वेळांत सुटका करून घ्यावयाची. 'एस्केप रूम' अशा नांवानें या जातीचे खेळ जगभर पसरले, आणि शिक्षकांनीं ते वर्गांत आणले. वर्गांत कोणास कोंडावयाचें नसतें. दाराऐवजीं एक पेटी आणि पेटीला आंकड्यांचें कुलूप, एवढें पुरे होतें.

नांदेडच्या एखाद्या शाळेंतील दहावीचा वर्ग डोळ्यांपुढें आणावा. पांच-पांच मुलांचे गट बसले आहेत. अवधि चाळीस मिनिटांचा. पहिल्या चिठ्ठींत एक वर्गसमीकरण आहे. त्याचीं मुळें २ आणि ३ निघालीं कीं २३ या आंकड्यावर पहिली पेटी उघडते. तींत प्रश्न असतो : मीठ ज्या दोन मूलद्रव्यांचें झालें, त्यांचे अणुक्रमांक कोणते? सोडियमचा ११, क्लोरिनचा १७. म्हणून दुसरें कुलूप १११७ वर. त्यांतून निघते नांदेड-लातूरच्या मुक्तीच्या सालाची पृच्छा, आणि १९४८ वर तिसरी पेटी उघडते. ज्या शाळेला कुलपांचा खर्च झेपत नाहीं, तिनें बंद पाकिटें ठेवावीं. उत्तर बरोबर आल्यावर शिक्षकांनीं पुढचें पाकीट द्यावें. उत्तर चुकलें तर कुलूप उघडत नाहीं, इतकेंच. तें रागावत नाहीं, हंसत नाहीं, गुणही कापीत नाहीं. चूक कोठें झाली हें मुलें आपण होऊन शोधूं लागतात, आणि छडीला जें साधलें नाहीं तें येथें साधतें.

या खेळाचें मर्म कुलपांत नसून आठवण्यांत आहे. अमेरिकेंत आर्थर गेट्स यांनीं १९१७ सालींच दाखविलें होतें कीं, नुसत्या वाचनापेक्षां पुस्तक मिटून म्हणून पाहणें अधिक फलदायी असतें. २००६ सालीं रोडिगर व कार्पिक यांनीं तेंच नव्यानें पारखलें. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां पुन्हां पुन्हां वाचणारे विद्यार्थी पुढें होते; परंतु दोन दिवसांनीं आणि आठवड्यानें विचारतां आठवून लिहिणारे त्यांच्या पुढें गेले. लातूरच्या सराव पेपराचें बळ आणि क्योतोच्या खेळाचें बळ असें एकाच ठिकाणीं आहे. पेपर एकट्यानें सोडवावयाचा असतो; खेळांत परवच्याची जुनी सोबत परत मिळते.

तथापि सोबतीचा एक धोका आहे. गटांतील चलाख मुलगा सारीं कुलपें उघडतो, आणि बुजरी मुलगी मुकाट्यानें पाहत राहते. त्यासाठीं प्रत्येकाच्या हातीं वेगळी चिठ्ठी द्यावी. तिच्यावांचून पुढचा आंकडा जुळूंच नये. आणि शेवटच्या पेटींत खाऊ ठेवण्याऐवजीं एक मोठा प्रश्न ठेवावा, ज्याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या वहींत स्वतः लिहावें. लातूर विभागीय मंडळाखालीं लातूर, नांदेड व धाराशिव या जिल्ह्यांतील मुलें दहावीला बसतात, तेव्हां शेजारच्या बाकावरील मित्र आंकडा सुचवावयास नसतो. खेळाचें काम मुलाच्या मनांतील धास्ती काढून त्याची विद्या त्याच्या हातीं देण्यापुरतें आहे; त्यापुढची लेखणी त्यालाच चालवावयाची असते.