माडीवरचें सुख आणि माजघरांतलें मौन

घर सुखाचें कसें करावें, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे बहुधा गृहिणीस उद्देशून दिलें जातें. तिनें पहांटे उठावें, काटकसरीनें वागावें, सदा हंसतमुख असावें. या उपदेशांत खोटें कांहीं नाहीं. परंतु घर एकट्या गृहिणीचें नसतें, आणि त्यांतील सुख एकट्या यजमानाच्या मर्जीनेंही येत नाहीं. हें ज्यास प्रत्यक्ष पहावयाचें असेल त्यानें न्यायमूर्ति रानड्यांच्या पुण्यांतील घराकडे वळावें.

1873 सालीं माधवरावांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता आतां विधवेशींच लग्न करील, या भीतीनें वडिलांनीं घाईघाईनें 11 वर्षांच्या रमाबाईंशीं त्यांचा विवाह उरकून टाकला. वडिलांचा शब्द मोडण्याचें धैर्य 31 वर्षांच्या पुत्रास झालें नाहीं. त्याबद्दल लोकांनीं त्यांस दोष दिला, व तो अगदींच अनाठायीं होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. मात्र जी मुलगी घरांत आली तिला त्यांनीं लागलीच अक्षरें गिरवावयास बसविलें. मराठी झाल्यावर इंग्रजीही शिकविलें.

त्या काळच्या वाड्याची रचना ध्यानांत घेतल्यावांचून या गोष्टीचें मोल कळणार नाहीं. ओटी व दिवाणखाना पुरुषांचा. माजघर व स्वयंपाकघर बायकांचें. वडिलांदेखत नवराबायकोनें एकमेकांशीं बोलणें हाही अविनय. अशा घरांत रात्रीं माडीवर दिव्यापाशीं पति पत्नीस शिकवूं लागला, आणि सकाळीं माजघरांत त्याचा जाब सुनेस द्यावा लागला. सासू, नणंद व इतर वडीलधाऱ्या बायका यांचे टोमणे आणि अबोला रमाबाईंनीं वर्षानुवर्षें सोसला. उलट उत्तर त्यांनीं दिलें नाहीं, व अभ्यासही सोडला नाहीं. 1910 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत हें सारें त्यांनीं कडवटपणावांचून सांगितलें आहे.

आजचा वाचक त्या बायकांस खलनायिका ठरवून मोकळा होतो. आमचें मत निराळें आहे. त्यांतील नणंद विधवा होती. तरुण वयांत जिचा संसार संपला, जिच्या पुनर्विवाहास बापानें संमति दिली नाहीं, तिच्या डोळ्यांदेखत भावाची लहानगी पत्नी पुस्तक हातीं घेऊन माडीचा जिना चढत होती. विधवाविवाहास कायद्यानें 1856 सालींच मोकळीक दिली होती. पण कायदा सरकारी कचेरींत राहिला आणि ही बहीण माजघरांत. माडीवर जें सुख उजळत होतें त्याचा एक किरणही खालीं पोंचत नव्हता. मग तेथून टोमण्यांशिवाय दुसरें काय वर यावें?

घराचें सुख वांटून घेतल्याखेरीज टिकत नाहीं, हें ज्यांनीं आचरणानें दाखविलें त्यांत धोंडो केशव कर्वे अग्रगण्य होत. 1893 सालीं त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकणाऱ्या एका विधवेशीं विवाह केला. मुरूडकरांनीं बहिष्कार घातला, व त्याची झळ गांवांतील त्यांच्या घरच्या माणसांसही लागली. कर्व्यांचा संसार उभा राहिला खरा. पण एका विधवेचें घर वसलें म्हणून बाकीच्यांचें काय, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. 1896 सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला तो याच अस्वस्थतेंतून.

रमाबाई रानडेही त्याच वाटेनें गेल्या. 1901 सालीं माधवराव निवर्तले आणि ज्या माजघराचे टोमणे त्यांनीं ऐकले होते त्याच माजघराच्या दुःखाच्या त्या वांटेकरीण झाल्या. 1909 सालीं पुण्यांत त्यांनीं सेवासदन सुरू केलें. विधवा व प्रौढ बायका तेथें वाचावयास, शिवावयास, रुग्णांची शुश्रूषा करावयास शिकूं लागल्या. माडीवर मिळालेली विद्या त्यांनीं अशा रीतीनें जिना उतरून खालीं आणली. टोमण्यांस याहून थोर उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

तथापि मायेस हक्काची जोड लागतेच. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत विधवेस पतीचा वांटा हयातीपुरता मिळाला तो 1937 च्या कायद्यानें. पूर्ण मालकी मिळाली ती 1956 सालीं. तोंवर तिचें घरांतील स्थान दिराच्या किंवा पुतण्याच्या मर्जीवर असे, आणि मर्जीवर जगणाऱ्या माणसाचें हंसू मनापासूनचें नसतें.

आज माड्या गेल्या, माजघरें गेलीं. चारपांच माणसें दोन खोल्यांत राहतात. तरीही प्रत्येक घरांत एक माणूस असा असतो कीं ज्याचें मत कोणी विचारीत नाहीं: वृद्ध आई असेल, अविवाहित आत्या असेल, किंवा नोकरी गेलेला भाऊ असेल. घर सुखी आहे कीं नाहीं हें यजमानास विचारून कळत नाहीं. जो सर्वांत कमी बोलतो त्यास विचारावें, आणि उत्तर देण्यास त्याला पुरेसा वेळ द्यावा.