नांगर टाकावा की नाव सोडावी?

शाहूवाडीत ‘नांगर’ म्हटले की भाताचे खाचर डोळ्यांपुढे येते. नाव जागेवर धरणारा नांगर भेटायचा तो आंबा घाट उतरून कोकणात गेल्यावर. याला कारण इथल्या नद्या. वारणा, कडवी आणि कासारी सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरतात तेव्हा अरुंद, खडकाळ आणि उतावळ्या असतात. पावसाळ्यात तिथे नाव टिकत नाही आणि उन्हाळ्यात नावेपुरते पाणी उरत नाही. नावेची गरज पडे ती खाली सपाटीवर, पुराच्या दिवसांत. तिथे गुळाची काहील पाण्यात सोडून माणसे पैलतीर गाठत. वरच्या खोऱ्यात मासा धरायचा तो काठावरून किंवा डोहात उतरून.

मग धरणे झाली. वारणेवर चांदोलीला, कासारीवर गेळवड्याला, कडवीवरही बांध पडला. उताराच्या नद्यांच्या जागी विस्तीर्ण जलाशय आले आणि जगभरच्या गळवाल्यांचा एक जुना वाद या डोंगरातही अर्थपूर्ण झाला: नावेतून मासा धरताना नांगर टाकावा की नाव सोडून द्यावी?

हा वाद विशेषतः ‘फ्लाय’ वापरणाऱ्यांचा. फ्लाय म्हणजे गळाला पिसे आणि धागे बांधून केलेली खोटी माशी. खरा किडा पाण्यावर पडला की प्रवाहाच्या गतीने वाहत जातो. खोटी माशी दोरीच्या ओढीने त्याहून वेगळी हलली की जाणता मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. नाव प्रवाहाबरोबर सोडली तर नाव, दोरी आणि माशी एकाच गतीने वाहतात आणि फसवणूक पुरी होते. पण एखादा चांगला डोह क्षणात मागे पडतो. नांगर टाकला तर तोच डोह पुन्हा पुन्हा धुंडाळता येतो. मात्र दोरीवर पाण्याचा ताण येतो, नांगराच्या आवाजाने मासा बुजतो, आणि वेगवान धारेत नाव आडवी होऊन अडकली तर पाणी आत शिरते. स्कॉटलंड व आयर्लंडच्या सरोवरांवर तिसरी रीत रूढ झाली. तिथे प्रवाह नसतो, वारा असतो. नाव वाऱ्याला आडवी सोडतात, तिचा वेग आवरण्यासाठी पाण्यात कापडी पिशवी ओढत ठेवतात आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे माशी फेकतात.

ही विद्या हिंदुस्थानात आली ती इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. त्याआधीच कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली होती. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत त्याने अनेक माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच दिली. ‘खुद्री’ त्यांतलेच, मुळा-मुठेच्या पाण्यातून वर्णिलेला दख्खनचा महसीर आजही जगभर ‘टॉर खुद्री’ आहे. म्हणजे ज्या मासेमारांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत, त्यांचा शब्द शास्त्रात नांगर टाकून बसला.

१८७३ मध्ये मद्रास मुलकी सेवेतील एच. एस. टॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ आले. दक्षिण कानडा जिल्ह्यात नोकरी केलेल्या टॉमस यांनी महसीरच्या शिकारीला ग्रंथाची प्रतिष्ठा दिली. पण ते केवळ शौकीन नव्हते. पाण्यात विष कालवणे आणि बारीक जाळ्यांनी पिल्ले गाळून काढणे यांविरुद्ध त्यांनी सातत्याने लिहिले. पुढे १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंगाचा आणि विषाचा वापर गुन्हा ठरवला.

कावेरीच्या खोऱ्यात साहेबाला वल्हवणारा मात्र स्थानिकच होता. तिथली गोल टोकरी आपल्या काहिलीच्या जातीची: ना नाळ, ना कणा. सोडली की गरगरते. तिला खडकाच्या आडोशाला धरून ठेवायचे की धारेला द्यायचे, हा निर्णय वल्हे धरणाऱ्याचा असे. मोठा मासा लागला की तर वादच संपे. टोकरी माशामागे जाई. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर धरला. तो विक्रम अजून सांगितला जातो.

या कथेचा पुढचा भाग महाराष्ट्रात घडला. धरणांनी महसीरच्या वाटा अडवल्या. हा मासा पुराच्या पाण्याबरोबर वर चढून खडीच्या तळावर अंडी घालतो. भिंत त्याला वर जाऊ देत नाही. राज्याचे माजी मत्स्य संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण तलावावर खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. आपल्याकडच्या मत्स्यशास्त्रातले हे मोठे पाऊल होते. पिल्ले राज्याबाहेरही गेली आणि कावेरीत सोडली गेली.

तिथे अनपेक्षित घडले. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर होता. व्हॅन इंगेन यांचा विक्रमी मासा त्याच कुळातला. गालिबोरे येथील गळवाल्यांच्या तळावरच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा पाहुणा खुद्री वाढत गेलेला आणि घरचा महसीर झपाट्याने कमी झालेला दिसला. २०१८ मध्ये कावेरीच्या या माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पटवण्यात आली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. हेतू वाचवण्याचा होता. चूक एवढीच की एका खोऱ्याचा मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडला.

म्हणून नाव सोडावी की धरावी, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. वाहत्या नावेतला माणूस साऱ्या नदीची ओळख करून घेतो, पण वरवरची. नांगरलेला एकच डोह ओळखतो, पण तळापर्यंत. महसीरच्या बाबतीत पहिल्या प्रकारचे ज्ञान आपल्याकडे होते. दुसऱ्या प्रकारचे, प्रत्येक खोऱ्यातल्या काठच्या माणसांजवळचे, विचारायचे राहून गेले.

शाहूवाडीला हे लागू आहे. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. तिथल्या पाण्यात आता मासेमारीला मोकळीक नाही, आणि वारणेचे जुने डोह ओळखणारी गावे खोऱ्याबाहेर वसली आहेत. कोणत्या खडकाखाली कोणता मासा राही, पहिल्या पुरात तो कोणत्या ओढ्याला चढे, हे त्या गावांतल्या म्हाताऱ्यांना अजून ठाऊक असेल. जलाशयात पुढचे मत्स्यबीज सोडण्याआधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले पाहिजे. साइक्सने निदान नावे तरी विचारली होती.