पगाराचे माप

मोटार रस्त्याने जाताना आपण तिची कंपनी ओळखतो. तिच्यातला बुश, वॉशर वा स्प्रिंग कोणी घडविली, हे विचारीत नाही. म्हणून त्या घडविणाऱ्याच्या पगाराचा इतिहासही सहसा कोणी सांगत नाही.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जुळवीत असे. भाग बोटीने येत. इथे केवळ जोडणी होई. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले की, गाडी देशातच घडविण्याची योजना ज्यांच्यापाशी नाही त्यांनी धंदा आवरावा. जनरल मोटर्स गेली; वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कुर्ल्यास राहिली. देशी गाडीला देशी भाग हवेत, आणि देशी भागांना देशी हात. या हातांची किंमत कशी करावयाची?

याचे एक उत्तर १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने दिले. तिने माप ठरविले: प्रौढ माणसास दिवसाला २,७०० कॅलरी अन्न, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती यांसाठी किमान वेतनाच्या २० टक्के. मुलांची शाळा आणि औषधपाणी या मापात नीटसे नव्हतेच. त्यासाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९१ साली!

बोनसची कथा याहून जुनी. १९१७ साली मुंबईच्या कापडगिरण्यांनी युद्धकाळातील महागाईपायी दहा टक्के 'युद्ध बोनस' दिला. मालकाची ही मेहेरबानी पुढे कामगाराचा हक्क झाली. १९६५ च्या कायद्याने किमान चार टक्के बोनस बांधून दिला, तो नंतर ८.३३ टक्क्यांवर गेला. वर्षाचा बारावा भाग, म्हणजे एका महिन्याचा पगार.

तथापि वाचकहो, कायद्यालाही उंबरठा असतो. बोनसचा कायदा सामान्यतः वीस माणसांपासून पुढे. १९४८ चा कारखाना कायदा, विजेवर काम चालत असेल तर, दहांपासून. जादा कामाला दुप्पट मजुरी ही त्याच कायद्याची देणगी. भाईंदर पूर्वेचे गोडदेव घ्या. मिठागरांच्या या मुलखात पुढे लहान उद्योगांचे गाळे उठले. अशा एखाद्या गाळ्यात प्रेसवर नऊ माणसे उभी असली, की नववा माणूस काम तेच करतो, पण उंबरठ्याच्या बाहेर राहतो. कारखान्याचा हा उंबरठा आता दहावरून वीसवर गेला आहे. उलट २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व धंद्यांतील कामगारांना दिला आहे.

गाळेवाला म्हणेल, "परवडत नाही." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही, नगाचा भाव तो ठरवीत नाही, वरची कंपनी ठरविते. पण किमान वेतन देता येत नसेल, तर त्या धंद्याला जगण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच बजावले आहे. मग भाव ठरविताना त्या नववा माणसाची भाकरी नगाच्या किमतीत धरली आहे की नाही, हा प्रश्न गाळेवाल्याच्या आधी कंपनीलाच विचारावयास हवा.