कापण्याआधी तपासा: निन्टेन्डो 'वी'ची दुसरी इनिंग

टीव्हीला जोडायचा कन्सोल हातात मावेल असा करायचा, हा छंद तसा जुना. अटारी २६०० आला १९७७ साली. अमेरिकेतल्या बेन हेकेनडॉर्न यांनी २००० मध्ये त्याचा हातात धरून खेळायचा अवतार बनवला. पुढे अशा कारागिरांचं लक्ष गेलं निन्टेन्डो 'वी'कडे. २००६ चा हा कन्सोल दहा कोटींहून जास्त विकला गेला, म्हणजे सेकंडहँड माल भरपूर.

आता गंमत बघा. 'वी'चा बोर्ड चक्क कापतात! प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, मेमरी एवढा तुकडा ठेवायचा, बाकीचं बाजूला. डिस्क ड्राइव्हही जाते, गेम यूएसबीवरून चालतात. म्हणून फक्त ड्राइव्ह गेलेला कन्सोल इथे उत्तम. पण चित्रच येत नसेल, तर तो स्वस्तातही महाग.

म्हणून आधी तो आहे तसा चालवून बघायचा. चित्र, आवाज, पोर्ट, पंखा. आणि बराच वेळ चालवून तापल्यावर अडकतो का तेही. कारण एकदा कापला की बिघाड आधीचा की करवतीचा, हे कोण सांगणार?

आणखी एक. आतल्या फ्लॅश मेमरीतला डेटा त्या-त्या कन्सोलच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असतो. दुसऱ्याचा बॅकअप चालत नाही. तो कापण्याआधीच घ्यायचा.

नवे 'वी' आता बनत नाहीत. तेव्हा धडधाकट असेल तो तसाच जपा, आणि ड्राइव्ह गेलेल्यालाच हे नवं आयुष्य द्या.