निऑनच्या नळीतली सोडत

वर्गात सोडत काढायची तर आपण चिठ्ठ्या डब्यात टाकतो, डबा हलवतो आणि एखाद्या लहान मुलाला चिठ्ठी उचलायला सांगतो. चिठ्ठ्या चाळीस असतील तर हे जमते. लाखो असतील तर?

हा प्रश्न १९५६ साली ब्रिटिश सरकारपुढे आला. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विक्रीस आलेल्या ‘प्रीमियम बाँड’वर व्याज नव्हते, त्याऐवजी सोडत काढून बक्षिसे द्यायची होती. सोडतीत लबाडी आहे अशी नुसती शंका आली असती, तरी लोकांनी पैसे गुंतवले नसते. यंत्राचे काम डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधन केंद्राकडे गेले. महायुद्धात जर्मन गुप्तलिपी फोडणारे ‘कोलोसस’ इथेच बनले होते आणि त्यातलीच काही मंडळी या कामावर होती. (कोलोससबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढायचे नव्हते!)

यंत्राचे नाव ‘अर्नी’. त्याचा गाभा म्हणजे निऑन वायूच्या नळ्या. नळीतून वीज जाताना इलेक्ट्रॉन निऑनच्या अणूंवर कसेही आदळतात. नळीचा उजेड आपल्याला स्थिर दिसतो, पण प्रवाहात सतत बारीक चढउतार चालू असतात. अभियंते एरवी हा गोंगाट घालवायला धडपडतात. अर्नीत तोच मोठा करून त्याचे स्पंद मोजले आणि मोजणीतून यादृच्छिक अंक मिळवले. पहिली सोडत १ जून १९५७ रोजी निघाली.

सूत्राने अंक काढता आले नसते का? आले असते, पण सूत्र आणि सुरुवातीची संख्या ज्याला ठाऊक, त्याला पुढचे सारे अंक ठाऊक.

अर्थात गोंगाटही एका बाजूला झुकलेला असू शकतो. त्यावर फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये सुचवलेली युक्ती वर्गात जरूर करून पाहावी. वाकडे नाणे दोनदा उडवा. छापा-काटा आले तर ० लिहा, काटा-छापा आले तर १; दोन्ही सारखे आले तर जोडी सोडून द्या. फेकी एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, की नाण्याचा वाकडेपणा उत्तरात उतरत नाही.

२००४ च्या चौथ्या अर्नीने विद्युतमंडलातला उष्णतेचा गोंगाट वापरला. २०१९ मध्ये पाचवा अर्नी थेट प्रकाशाकडे वळला. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने सुटा सुटा येतो. लेसरसारख्या स्थिर झोतातून ठरावीक वेळात सरासरी १०,००० फोटॉन मोजले जात असतील, तर प्रत्यक्ष मोजणी साधारण १०० ने मागेपुढे होते. या खेपेला नेमके किती येतील, हे क्वांटम सिद्धांतानुसार आधी सांगताच येत नाही. चौथ्या अर्नीला एका सोडतीसाठी सुमारे ९ तास लागत. पाचव्याला १२ मिनिटे पुरली.